बिनरानाची येळवस

सहा फूट बाय अकरा.
टेप माझाच, ब्लाउजांचा,
म्हणून माप चुकायचं नाही.
मागच्या भिंतीपासून धुण्याच्या दगडापर्यंत
एवढी जमीन आपली,
म्हणजे घरमालकाच्या लक्षात येईस्तोवर.

नळ आठव्या दिवशी.
पिण्याचं वेगळं, सांडायचं वेगळं,
आणि डाळ-तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं
तिसऱ्या बादलीत.
ती बादली वांग्यांची.
कुणी चुकून मोरीत ओतली
तर मी दिवसभर बोलत नाही घरात.

हे बोअरच्या गाडीवर.
औसा, निलंगा, कधी पार बिदरकडं.
लोकाच्या रानात आठशे फूट खाली जातात
आणि केसांत करडी पूड घेऊन घरी येतात.
परवा मागं जाऊन वाकले,
एक गाजर ओढून पाहिलं, करंगळीएवढं.
"इतक्या वरच लागलं?" म्हणाले.
हसले नाहीत. मीच हसले.

येळवशीला लातूर ओस पडतं.
सकाळी आठलाच बिराजदारांच्या दाराला कुलूप,
हुडग्यांच्या दाराला कुलूप,
टमटममधून आंबिलाची बिंदगी सांभाळत
गल्ली आपापल्या शिवाराला निघून जाते.
गेल्या साली आदेशनं विचारलं,
आपलं रान कुठाय?
मी मशीन थांबवलं नाही.

यंदा मृगातच रंगाच्या तीन डब्यांत
तुरी टोकल्या, एकेका डब्यात एकेक.
वाल भिंतीवर चढवला.
हरभरा दसऱ्यानंतर, हुडगेकाकूंनी दिलेला मूठभर.
त्याला अजून घाटे नाहीत,
शेंडे खुडले तर बोटं आंबट होतात, तेवढं पुरे.

रात्री ताकात बेसन कालवून ठेवलं.
सकाळी तुरीच्या शेंगा सोलल्या.
आदेशनं दाणे मोजले : दोनशे चौदा.
मग परत मोजले.
वाल एक वाटी. गाजरं सगळी मिळून पावशेर.
एका वांग्यात कीड निघाली,
अर्धं फेकलं, अर्धं घेतलं.
वाटाणा मात्र गंजगोलाईतला, विकतचा,
खोटं कशाला बोलू.

कडबा कुठून आणणार?
कापडाच्या ठाणातल्या पुठ्ठ्याच्या नळ्या
उभ्या केल्या, वर अस्तराचा हिरवा तुकडा,
आत पाच खडे चुना लावून.
आंबिल शिंपडत आदेश पुढं, मी मागं.
शेताची फेरी सात पावलांत संपली,
म्हणून आणखी दोनदा मारली.

लसणाची फोडणी भिंतीवरून गेली असणार.
गेटाशी दोन पोरी,
समोरच्या होस्टेलच्या, हातात जाडजूड पुस्तक.
"मावशी, एखादं हॉटेल उघडं असंल का?
मेसवाले काका रानात गेलेत."
एक किनवटची, सुवर्णमाला.
दुसरी पाथरीची उमैरा.
ती म्हणाली, शेजारचे देशमुख दरसाल बोलावतात आम्हाला,
अब्बा तर दोन वाट्या आंबिल पितात.
यंदा नीट आहे ना, म्हणून.

धुण्याच्या दगडाशेजारी चादर अंथरली.
बाजरीचे उंडे कुस्करले, भज्जी वरून.
भज्जी जराशी करपली होती बुडाला,
पातळही झाली होती,
दोघींपैकी कुणी काही म्हणालं नाही.
सुवर्णमालानं एक दाणा बोटावर घेऊन पाहिला.
"तूर घरची हाय," म्हणाली.
आदेश डब्याकडं बोट दाखवून
कुठली शेंग कुठल्या फांदीची ते सांगत राहिला.
अकरा घास झाले तरी पोरगी ऐकत होती.

ह्यांचं ताट झाकून ठेवलं. गाडी उदगीरला होती.

उमैरानं ताट विसळलं
आणि पाणी सरळ मोरीत ओतलं.
आदेश ओरडणार होता,
पण आधी त्यानं माझ्याकडं पाहिलं.

मी बोलतच होते.
किनवटच्या पोरीला सांगत होते,
बेसन आदल्या रात्रीच कालवायचं,
चिंच मात्र शेवटी,
आणि ढवळताना हात सोडायचा नाही.